विजेची जवारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, संकठा घाटालगतच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत काशीतील मराठी घराणी, येथील शास्त्री-पंडित, मराठी सरदारांनी बांधलेले घाट असे विषय यावेत हे रीतीला धरूनच आहे. आपण बसलो आहोत त्या संकठा घाटाच्या एका अंगास सिंदिया घाट आहे आणि दुसऱ्या अंगास थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. तेव्हा विषयांची वाण येथे पडण्याचे कारण नाही. आमच्या वाट्याला आलेला विषय मात्र वेगळ्या जातीचा आहे. विद्युत् गिटारसाठी डिस्टॉर्शन पेडल कसे निवडावे, हा तो विषय. निमंत्रणपत्रिका वाचून काही ज्येष्ठांच्या कपाळास आठ्या पडल्या असतील, याची आम्हास कल्पना आहे.

या विषयाचे मूळ कार्यकारिणीच्या गेल्या बैठकीत आहे. विषयपत्रिकेवर लागोपाठ दोन बाबी होत्या. पहिली, मंडळाच्या मालकीच्या तंबोऱ्यांची जवारी काढून घेणे. दुसरी, मंडळाच्या तरुण वाद्यवृंदासाठी महोत्सव निधीतून एक डिस्टॉर्शन पेडल खरेदी करणे. पहिली बाब चर्चेवाचून संमत झाली. दुसरीवर बराच वेळ खल झाला, आणि एका आदरणीय सभासदांनी विचारले, की चांगला आवाज बिघडविण्याचे यंत्र मंडळाने पैसे देऊन का घ्यावे? प्रश्न रास्त होता. सारी हयात सरकारी फायलींवर टिपणे लिहिण्यात गेल्यामुळे असेल, त्यावर टिपण सादर करण्याचे काम आमच्याकडे आले. ते आज आपणापुढे वाचतो. आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो : या दोन बाबी वस्तुतः एकाच खर्चाच्या आहेत.

प्रथम शब्दाचा विचार करू. डिस्टॉर्शन म्हणजे कोशातल्या अर्थाने विकृती, विपर्यास. हा अर्थ मनात धरला की पुढचा सारा विचार दूषित होतो. परंतु आपल्याच संगीतशास्त्रात 'विकृत' या शब्दाला मुळीच कमीपणा नाही. सात शुद्ध स्वर आणि पाच विकृत स्वर मिळून आपले सप्तक होते; कोमल रिषभ व तीव्र मध्यम हे विकृत स्वर वगळले तर काशीच्या घाटावर संध्याकाळी पूरिया धनाश्री गाता येणार नाही. मूळ स्थानापासून ढळलेला स्वर त्याज्य असतो असे आपल्या पूर्वजांनी कधीच मानले नाही. तो योग्य जागी आणि योग्य प्रमाणात ढळला आहे की नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

आता तंबोऱ्याकडे येऊ. मंडळाचे तंबोरे मिरजेचे आहेत. मिरजेची ही कला एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून नावारूपाला आली. हत्यारांना धार लावणारे हात तेथे वाद्यांकडे वळले, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे मिरजेत येऊन तंबोरे-सतारी होऊ लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. या सर्व कारागिरीत अखेरचा व सर्वांत कठीण भाग जवारीचा. घोडीचा माथा सपाट नसतो, तो किंचित बाकदार घासलेला असतो. तार त्यावरून जाताना एका धारेवर टेकत नाही. तिचा काही भाग त्या बाकास घासून जातो. तार कंप पावू लागली की हा स्पर्श क्षणाक्षणाला मागेपुढे सरकतो आणि एका स्वरातून अनेक उपस्वर फुटतात. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून तो नेमका बिंदू साधतात. साधला की तार 'बोलू' लागते.

म्हणजे जवारी हे तारेच्या सरळ कंपनात मुद्दाम घातलेले विघ्नच आहे. हे आमचे पदरचे मत नव्हे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या ठिकाणी छेडावी तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा युरोपीय शास्त्रज्ञांनी बसविलेला नियम आहे. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र असे वर्ज्य उपस्वरही ठणठणीत ऐकू येतात, हे रामन यांनी दाखविले, आणि त्याचे कारण त्यांना बाकदार घोडीत सापडले. येथे आमच्या पेशाच्या अभिमानाने एक गोष्ट नमूद करतो. हे रामन १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते आणि कचेरी सुटल्यावर प्रयोगशाळेत जाऊन बसत. सरकारी नोकराने नादशास्त्रावर बोलू नये असा आक्षेप कुणी घेतलाच, तर आमच्याजवळ एवढा दाखला आहे.

पाश्चात्त्यांना हे विघ्न गोड लागू लागले ते बऱ्याच उशिरा, आणि तेही अपघाताने. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाच्या 'डोन्ट वरी' या गीताच्या ध्वनिमुद्रणात यंत्राचा एक भाग बिघडला होता, आणि ग्रेडी मार्टिन यांचे वाद्य त्यातून घरघरत उमटले. ते तसेच ठेवण्यात आले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड हुकमी घडवून आणणारे यंत्र तयार केले, आणि १९६२ साली ते 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आले. प्रारंभी त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. १९६४ साली इंग्लंडातील किंक्स या वृंदाच्या डेव्ह डेव्हिस याने तर आपल्या ध्वनिवर्धकाचा कागदी पडदा पात्याने फाडून तो खरखरीत आवाज मिळविला होता. १९६५ साली रोलिंग स्टोन्स यांच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये हे फझ-टोन वाजले आणि त्याची मागणी एकाएकी वाढली.

त्याच १९६५ साली बीटल्स यांच्या 'नॉर्वेजियन वुड' या गीतात जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजविली. पुढच्याच वर्षी ते ज्यांचे शिष्य झाले ते पंडित रविशंकर १९२० साली आपल्या या काशीतच जन्मले. १९६७ साली अमेरिकेत विद्युत् सतार नावाचे वाद्यही विक्रीस आले. तिच्यात निराळे काय होते म्हणाल, तर सतारीसारखा झंकार उठावा म्हणून बसविलेली रुंद, सपाटसर घोडी. विजेची खरखर आणि जवारीचा झंकार पाश्चात्त्य श्रोत्यांच्या कानी एकाच सुमारास पडले आणि दोन्ही त्यांना एकाच सुमारास आवडले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

हे पेडल म्हणजे पायाने दाबून चालू-बंद करावयाची एक डबी. ती गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये जोडतात. तिच्या पोटात काय चालते हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. लग्नाच्या वरातीत गल्लीत लावलेला कर्णा चालकाने अतोनात मोठा केला की आवाज फाटतो, हे आपण सर्वांनी सोसले आहे. यंत्राची झेप संपते. ध्वनिलहरीचे उंच माथे त्याला झेपत नाहीत, म्हणून ते सपाट छाटले जातात, आणि लहर छाटली की नवे उपस्वर उत्पन्न होतात. पेडलमध्ये हीच छाटणी बहुधा डायोड नावाच्या लहानशा घटकांकडून, ठरल्या मापाने करवून घेतात. छाटणी हळुवार असेल तर आवाज मऊ व किंचित कंठाळ होतो; त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. छाटणी कठोर असेल तर ते डिस्टॉर्शन. आणि लहर जवळजवळ चौकोनी होईतो कापली तर तो फझ. 'ट्यूब स्क्रीमर' हे पहिल्या जातीचे प्रसिद्ध उदाहरण. १९७८ साली आलेले बॉस कंपनीचे 'डी. एस.-वन' दुसऱ्या जातीचे. आणि मेस्ट्रो तिसऱ्या जातीचे. सतारीतही बंद जवारी आणि खुली जवारी असे पंथ आहेतच. विलायत खाँसाहेबांची जवारी बंद, रविशंकरांची खुली. यांपैकी कोणती श्रेष्ठ, यावर निविदा मागवून निकाल लावता येणार नाही.

मात्र साम्य कोठे संपते तेही सांगितले पाहिजे, कारण निवडीचे मर्म तेथेच आहे. तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी स्वतंत्र असते. गिटारच्या सहाही तारांचा आवाज आधी एकत्र होतो आणि मग त्या एकाच डबीतून जातो. दोन स्वर असे एकत्र छाटले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर जन्माला येतात. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. तो सुरात बसतो आणि आवाज भरदार होतो. गांधार घातला की गोष्ट बदलते. गिटारच्या पडद्यांवरचा गांधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे एक सप्तमांश अर्धस्वराने चढा असतो. साध्या वादनात ते खपून जाते. छाटणीनंतर मात्र सारा गोंधळ माजतो. म्हणून जगभरचे गिटारवादक हा आवाज लावला की बहुधा षड्ज-पंचमाचीच जोडी धरतात. आपला तंबोराही बहुधा पंचम-षड्जातच मिळवितात. या मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच तंबोरा छेडून पाहिला.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिला प्रश्न यंत्राचा नसून वाजवायचे काय, हा आहे. आमच्या वाद्यवृंदाला गणेशोत्सवात नांदी आणि दोन अभंग वाजवायचे आहेत. गिटारवर सलग चाल, मींड आणि थोडे आंदोलन. गिटारचा साधा स्वर छेडताच विरू लागतो, त्यामुळे मींड अर्ध्यावरच संपते. छाटणीमुळे स्वराचा प्रारंभीचा मोठा भाग आणि नंतरचा क्षीण भाग यांतील अंतर कमी होते, म्हणून स्वर पुष्कळ वेळ टिकल्यासारखा भासतो. गळ्यातून येणारी चाल गिटारवर वाजविण्यासाठी हा गुण अमूल्य आहे. अशा कामाला हळुवार छाटणीचे किंवा मध्यम प्रतीचे पेडल पुरते. फझचा उपयोग येथे नाही. ज्यांना षड्ज-पंचमाच्या दणक्यावर ताल उभा करायचा असेल, त्यांनी कठोर छाटणीचे घ्यावे.

दुसरा प्रश्न जागेचा. हळुवार जातीची काही पेडले मोठ्या आवाजात चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाला आणखी ढकलण्यासाठी उत्तम असतात. परंतु आपल्या गल्ल्यांतील घरांत भिंतीस भिंत लागलेली, तेथे तेवढा आवाज करता येत नाही आणि करूही नये. ज्याचा रंग लहान आवाजातही उतरतो असेच पेडल आपणास हवे. कानाचा एक स्वभाव येथे लक्षात ठेवावा. घरी हळू आवाजात गोड वाटलेली मात्रा सभागृहात मोठ्या आवाजात बोचू लागते. म्हणून यंत्राच्या तीन खुंट्या, म्हणजे छाटणीची, सुराच्या रंगाची आणि पातळीची, सभागृहात, कार्यक्रमाच्याच आवाजात ठरवाव्यात, आणि एकाने शेवटच्या रांगेत बसून ऐकावे.

तिसरा प्रश्न विजेचा, आणि तो जुन्या वस्तीत फार महत्त्वाचा आहे. पेडल स्वर वाढविते तशी घरातल्या विजेची गुणगुणही वाढविते. आपली वीज पन्नास आवर्तनांची. तिची ती 'घूं' एकेरी वेटोळ्याच्या गिटारमध्ये सहज शिरते. उलट वेटोळ्यांची जोडी असलेली गिटार ती बरीच कमी करते. पेडलला बहुधा नऊ व्होल्ट लागतात. घटमाला वापरावी, किंवा अ‍ॅडाप्टर घ्यायचा तर त्याची ऋण-धन बाजू पेडलवरील खुणेशी ताडून पाहावी. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी, जमिनीची पिन काढून टाकण्याची खोड काही ठिकाणी आढळते. ती प्राणघातक ठरू शकते, कारण गिटारच्या तारा हाताला लागतात आणि ओठ ध्वनिक्षेपकाला. आधी सभागृहाची अर्थिंग तपासून घ्यावी, मग पेडल विकत घ्यावे. गणेशोत्सव येतो तो ऐन पावसाळ्यात, अनेक वर्षी गंगा घाटाच्या पायऱ्या गिळून वर येते त्या दिवसांत. दमट हवेत तंबोऱ्याच्या तारा बेसूर होतात आणि विजेच्या जोडण्यांना गंज चढतो. दोहोंचीही निगा एकाच कपाटात, एकाच माणसाने राखावी, अशी आमची सूचना आहे.

चौथी गोष्ट कसोटीची. दुकानातल्या गिटारवर, दुकानदाराने वाजवून दाखविलेले ऐकून पेडल घेऊ नये. आपली गिटार न्यावी. छाटणी मध्यावर ठेवून एकच स्वर धरावा आणि तो कसा विरतो ते ऐकावे. एकदम तुटतो की सावकाश मावळतो? मग गिटारवरील आवाजाची खुंटी निम्मी करावी. चांगले पेडल त्यासरशी स्वच्छ होऊ लागते, वादकाच्या हाताचे ऐकते. शेवटी तंबोरा सुरू करून त्याच्यासमवेत वाजवावे. तंबोऱ्याला झाकून टाकते ते आपल्या उपयोगाचे नाही.

शासकीय खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा नियम आम्ही पुष्कळ वर्षे पाळला आहे आणि तो सिमेंटला व कागदाला योग्यच आहे. जवारी काढणाऱ्या कारागिराला मात्र कुणी दरपत्रक पाहून बोलावीत नाही. त्याचा कान कसा आहे ते विचारतात. तीच दृष्टी येथे असावी. नाव मोठे म्हणून महाग घेण्याचे कारण नाही, आणि स्वस्त म्हणून तीन वेळा घेण्यातही काटकसर नाही.

हा खल एका डबीसाठी कशाला, असे कुणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर यंत्रात नाही. वाद्यवृंदातील बहुतेक मुले-मुली एक-दोन वर्षांत शिक्षणासाठी पुण्यास, बंगळुरास, दिल्लीस जातील. यांच्या पणजोबांच्या घरी मराठी ही दाराबाहेरही चाले. यांच्या घरी ती बऱ्याच अंशी स्वयंपाकघरापुरती उरली आहे. तरीही या मुलांनी आपण होऊन नांदी बसविली, अभंगाचे शब्द आजीकडून लिहून घेतले, आणि मंडळाकडे एक वस्तू मागितली. आपण नाही म्हटले तर ती भांडणार नाहीत. ती सुसंस्कृत घरची आहेत. ती पुढल्या तालमीला येणार नाहीत, एवढेच. काही वर्षांनी मंडळाच्या सभासद-नोंदवहीत काही नावांपुढे 'काशी सोडली' असा शेरा पडेल, आणि तो कधी पडला हे आपणास सांगताही येणार नाही. तंबोऱ्यांची जवारी आपण काढून घेऊ. परंतु ते छेडायला कुणी बसणार नसेल तर त्या खर्चाचा उपयोग काय?

म्हणून आमची शिफारस अशी. दोन्ही बाबी एकत्र संमत कराव्यात. पेडल मुलांनीच निवडावे; मात्र ते या सभागृहात, मंडळाचा तंबोरा चालू असताना निवडावे, आणि तंबोऱ्यावर आपल्यापैकी एक ज्येष्ठ बसावेत. ज्या सभासदांनी तो रास्त प्रश्न विचारला, त्यांनीच ही जागा घ्यावी अशी आमची त्यांना हात जोडून विनंती आहे, कारण मंडळात त्यांच्याइतका सुरेल कान दुसऱ्या कुणाचा नाही. आणि जवारी काढणारा कारागीर येईल त्या दिवशी गिटारवाल्या मुलांनी त्याच्याजवळ बसून, घोडीवर कानस कशी चालते आणि दोरा केसभर सरकल्याने स्वर कसा उघडतो, ते पाहावे. तासाभराच्या त्या बैठकीतून त्यांना पेडलच्या खुंट्यांविषयी जे कळेल, ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी नांदी याच सभागृहात होईल. त्या वेळी सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे आणि आवाज कसा आहे याचा निवाडा स्वतःच्या कानाने करावा. आमचे टिपण अध्यक्षमहाराजांच्या हाती देतो.